अर्धवेळ हितचिंतक

उतेकर डॉक्टरांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. शाळेच्या पायरीवर मला थांबवलं आणि म्हणाले, "मास्तर, जरा बाही वर करा."

मी नुकताच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि पोलादपुरात आपल्याला फार मान मिळणार अशी समजूत होती. मी बाही वर केली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझा दंड उन्हाकडे वळवला, देवीच्या व्रणांवरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं.

"हे आमचं काम नव्हे. महाडकडचं दिसतंय. घाईत केलंय."

एवढं बोलून ते चालू लागले. माझा जन्म पेणचा, महाड मी आदल्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं. पण हे ऐकायला ते थांबले नाहीत. आपलं निदान चुकलंय हे ऐकायला डॉक्टर थांबले आहेत, असा प्रसंग पुढेही कधी माझ्या पाहण्यात आला नाही.

ते डॉक्टर नव्हतेच, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. ते देवी टोचणारे होते. सरकारी भाषेत व्हॅक्सिनेटर. पण हा शब्द डोंगरातल्या माणसांच्या तोंडात बसेना, म्हणून लोकांनी त्यांना 'देवी डॉक्टर' केलं. पुढं त्यातली देवी गळाली आणि डॉक्टर उरला. उतेकरांनी त्याला हरकत घेतली नाही. उलट कुणी चुकून 'उतेकरमामा' म्हटलं तर त्यांना ऐकू येत नसे.

आयुष्यभर त्यांनी महाड तालुक्याच्या आणि पोलादपूर महालाच्या वाड्या-वस्त्या पायाखाली घातल्या. काखेला लशीची पेटी, हातात छत्री, डोक्यावर खाकी टोपी. ही टोपी लांबून दिसली की वाडीत पळापळ व्हायची. आया पोरांना भाताच्या कणगीत दडवायच्या, माळ्यावर चढवायच्या, गोठ्यात म्हशीच्या मागे उभी करायच्या. एरवीही पोर जेवेना झालं, झोपेना झालं की तोडगा ठरलेला होता. "थांब, देवी डॉक्टरला बोलवते." पोर जेवायचं आणि झोपायचंही. त्या खोऱ्यात भूतखेतांना फारसं काम नव्हतं ते यामुळेच.

निवृत्त झाल्यावर आपल्या हाताखालून गेलेलं काम तपासत हिंडणं हा त्यांचा छंद झाला. बाजारात कुणी ओळखीचं भेटलं तर ते तोंडाकडे न बघता दंडाकडे बघत. एका लग्नात नवऱ्यामुलाला हळद लागत असताना हे पुढं झाले, त्याचा दंड हातात घेऊन पुसला आणि सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दोन उठल्या होत्या, तिसरी उठली नव्हती. मी आईला सांगितलं होतं, पुन्हा आण. आणली नाही." वधूपक्षात कुजबुज सुरू झाली. मुलात काहीतरी खोट आहे, एवढंच त्यांना कळलं होतं. अखेर मुलाच्या मामाने डॉक्टरांना पंगतीत आधीच बसवून दिलं आणि लग्न वाचवलं.

'उठणं' हा त्यांचा सर्वांत लाडका शब्द. टोचल्यावर आठवड्याने फोड आला तर देवी उठली, नाही आला तर पुन्हा टोचायचं. जगातल्या सगळ्या गोष्टी ते या एका मापाने मोजत. कुणाची शेती, कुणाचं दुकान, कुणाचा संसार. "उठेल, उठेल," असं म्हणायचे, नाहीतर "उठली नाय, पुन्हा टोचा." याच्यापुढे त्यांचं तत्त्वज्ञान कधी गेलं नाही, आणि त्यांना त्याची गरजही पडली नाही.

आता अशा माणसाकडे आमच्या शाळेने मुलं का सोपवली, हे सांगायला हवं.

आमची शाळा पाचवी ते आठवीची. एकदा तपासणीला आलेले साहेब जाताना म्हणाले, "तुमच्या शाळेला फार गळती आहे." हे ऐकून शाळा कमिटीने दुसऱ्याच दिवशी एक माणूस छपरावर चढवला आणि कौलं परतून घेतली. हेडमास्तरांनी मोठ्या धीराने समजावलं की गळती म्हणजे मुलांची गळती. पाचवीला भरलेला वर्ग सातवीपर्यंत अर्धा होतो. कुणी गुरांमागे जातं, कुणी मुंबईला हॉटेलात कपबशा विसळायला जातं, मुलगी असेल तर ती घरातलं धाकटं भावंड कडेवर घेते आणि मग खाली ठेवतच नाही. कमिटीने ऐकून घेतलं. कौलांचा खर्च वाया गेला म्हणून थोडं वाईटही वाटून घेतलं. मग असं ठरलं की घसरणीला लागलेल्या मुलांवर लक्ष ठेवायला, त्यांच्याशी चार शब्द बोलायला, त्यांच्या घरी जायला एक पगारी माणूस नेमावा. फक्त पूर्ण वेळ नको. पदाचं नाव कमिटीचे अध्यक्ष असलेल्या भातगिरणीच्या मालकांनी स्वतः सुचवलं: विद्यार्थी हितचिंतक, अर्धवेळ. म्हणजे उरलेल्या अर्ध्या वेळात मुलांचं अहित चिंतायला हा माणूस मोकळा होता.

उतेकरांना नेमलं, कारण प्रत्येक वाडीतलं प्रत्येक घर त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक घरातलं पोर त्यांना बघून पळतं, हा मुद्दा कुणी मांडला नाही. मी मांडला असता, पण मी नवीन होतो.

शाळेत जागा नव्हती. म्हणून हितचिंतनासाठी शेजारच्या कोंडवाड्याची पडवी ठरली. चुकार गुरं आत, चुकार पोरं बाहेर. संध्याकाळी शाळा सुटली की डॉक्टर तिथं घोंगडी टाकून बसत आणि हेडमास्तरांनी निवडलेली पाच-सहा मुलं समोर उकिडवी बसत. त्यांच्याकडे लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांकडे लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मुलांच्या मानसशास्त्राचा एक पेपर दिला होता.

पहिल्या दिवशी अर्थातच कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक जण आला, तो बैल सोडवायला. मग डॉक्टरांनी भाजलेल्या आठळ्या आणायला सुरुवात केली. चुलीत भाजलेली फणसाची आठळी काय चीज आहे, हे त्या भागातल्या पोराला सांगावं लागत नाही. आठवड्याभरात पडवी भरली. डॉक्टर आठळ्या सोलून एकेकाच्या हातावर ठेवत आणि ठरलेले प्रश्न विचारत. काल काय खाल्लंस, कुणी मारलं का, रात्री झोप लागली का. मुलं सांगत, डॉक्टर ऐकत. उपदेश म्हणून काही नाही. मी खांबाला टेकून हे पाहत असे आणि मानसशास्त्राच्या पेपरात आठळीचा उल्लेख कसा राहून गेला याचं नवल करत असे.

पण माणूस नुसता ऐकत बसला असता तर तो उतेकर कसला. त्यांची एक उपपत्ती होती. मोठा रोग येऊ नये म्हणून त्याच रोगाचं एवढंसं बोट लावायचं, मग शरीर सावध होतं. हेच मनालाही लागू आहे. "मास्तर, एवढंसं तर टोचायचंय," ते म्हणत.

पहिला प्रयोग भिकूवर झाला. भिकू सहावीतला. त्याला मुंबईला पळून जाऊन हॉटेलात नोकरी धरायची होती आणि हे तो लपवत नव्हता. डॉक्टरांनी ठरवलं की याला हॉटेलाची लस द्यायची. एका रविवारी ते त्याला महाडला घेऊन गेले आणि बाजारातल्या एका ओळखीच्या हॉटेलवाल्याकडे दिवसभर कपबशा विसळायला बसवलं. मालकाला सांगून ठेवलं होतं की पोराला चांगलं राबवा, जरा ओरडा. संध्याकाळी पोरगा हात भाजून, रडत, अभ्यासाचं महत्त्व पटून परत येईल असा हिशेब होता.

पोरगा परत आला तो गालात भजी धरून. मालकाला तो इतका आवडला होता की ओरडायचं राहूनच गेलं. दिवसभरात त्याने चार गिऱ्हाइकांची नावं पाठ केली, एकाला हिंदीत उत्तर दिलं आणि निघताना मालकाने त्याला पुढच्या रविवारचं आमंत्रण दिलं. तोवर भिकूला मुंबईबद्दल थोडी धाकधूक होती, ती कायमची गेली. दिवाळीनंतर तो मुंबईला गेला.

मी डॉक्टरांना विचारलं, ही लस उठली की नाही उठली. त्यांनी बराच विचार केला. "जास्तच उठली," ते म्हणाले.

बिडी ओढणाऱ्या एकाला त्यांनी स्वतःसमोर बिडी ओढायला लावली. त्याने ती इतकी सराईतपणे ओढली की डॉक्टरांनाच ठसका लागला. असे दोन-तीन प्रयोग झाल्यावर हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हितचिंतकाचा अर्धा वेळ आणखी निम्मा करता येईल का.

या मुलांत एकच मुलगी होती. येसू. कापडे गावाच्या वर डोंगरात एक वाडी आहे, दहा-पंधरा घरांची, भाताची खाचरं थोडी आणि गुरं फार. तिथून ती रोज उतरून यायची. सातवीत होती. गणितात तिच्यासमोर उभं राहताना मी आदल्या दिवशी उदाहरणं सोडवून येत असे. पण महिन्यातले निम्मे दिवस ती गैरहजर. कधी म्हैस व्यायलेली, कधी आजी आजारी. बाप आणि चुलता मुंबईत गिरणीत, लालबागला एका खोलीत राहणारे. वाडीवर आई, आंधळी आजी आणि ही.

येसू आठळ्या घ्यायची, पण प्रश्नांची उत्तरं द्यायची नाही. डॉक्टरांना न घाबरणारं हे त्या खोऱ्यातलं एकमेव पोर असावं. एकदा भिकूची गोष्ट निघाली तेव्हा तिने अगदी साधेपणाने विचारलं, "डॉक्टर, तुमचं टोचलेलं उठतंय का कधी?" सगळी पोरं डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिली. डॉक्टरांनी एक आठळी सोलली, तिला दिली आणि म्हणाले, "तुझ्या दंडावर बघ. तिन्ही उठल्यात." त्यावर ती पहिल्यांदा हसली. नंतर तिला बोलायला लागलेलं मी पाहिलं. काय बोलायची ते खांबापर्यंत ऐकू येत नसे.

शिमगा झाला आणि येसू यायची बंद झाली. सातवीची फायनल तोंडावर आली होती. एक आठवडा गेला, दुसरा गेला. हेडमास्तरांनी डॉक्टरांना घरी जायला सांगितलं आणि सोबत मला धाडलं, कारण डॉक्टर तिथं जाऊन कुणाला काय टोचतील याचा भरवसा नव्हता.

कापड्यापर्यंत सडक, पुढं नुसता चढ. डॉक्टर साठीचे, मी पंचविशीचा. अर्ध्या वाटेवर मी दगडावर बसलो आणि ते उभे राहिले. उभ्या उभ्या त्यांनी मला खाली दिसणाऱ्या प्रत्येक वाडीत कुठल्या साली कोण किती रडलं ते सांगितलं. दम लागला आहे हे लपवायची माझी पद्धत म्हणजे प्रश्न विचारणं, आणि त्यांची पद्धत म्हणजे उत्तरं लांबवणं. तेवढ्यापुरतं आमचं चांगलं जमलं.

वाडीत पोचलो तेव्हा खाकी टोपी बघून दोन पोरं गवताच्या उडवीमागे गेली. येसू अंगणात शेणाच्या गोवऱ्या थापत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. तिची आई भागीबाई बाहेर आल्या, पाण्याचा तांब्या ठेवला आणि उंबऱ्याशी बसल्या. भागीबाईंचं आजोळ डॉक्टरांच्या गावचं, म्हणून त्या त्यांना मामा म्हणायच्या. त्या दिवशी ते त्यांना ऐकू आलं.

मी बोलायला सुरुवात केली. स्त्रीशिक्षणाचं महत्त्व सांगितलं, देश स्वतंत्र झाल्याचं सांगितलं. भागीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या बोलण्यात खंड पडल्यावर त्या डॉक्टरांकडे वळल्या.

"मामा, पोरीला शिकवायचं नाय असं माझ्या मनात नाय. पर लालबागला जावेला जुळी झालीत. आधीचा एक दीड वर्साचा हाय. दोघं बापे गिरनीत. ती एकटी बाय, अंगात ताप हाय. तिच्या हाताखाली कोन? मी गेले तर हितं म्हातारी आन् गुरं कोन बघंल? घरात मोकळी अशी हीच हाय. परवाच्या गाडीनं वाडीतलं मानूस जातंय, त्याच्यासंगं धाडनार."

यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. मी मनातल्या मनात मानसशास्त्राचा पेपर चाळला, त्यात जुळ्यांवर प्रकरण नव्हतं. डॉक्टरांनी परीक्षा कधी आहे ते मला विचारलं. निकाल कधी ते विचारलं. मग भागीबाईंना विचारलं की बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायला चाळीत बायका आहेत का. त्या म्हणाल्या, आहेत, बायका पुष्कळ आहेत, पण पोरं धरायला दिवसभर कुणी नाही. जी ती आपल्या कामात.

"म्हणजे हात पायजेत," डॉक्टर म्हणाले.

"व्हय. हातच पायजेत."

डॉक्टरांनी आपले दोन्ही हात पुढं केले आणि उलटसुलट करून पाहिले, जणू ते कुणा दुसऱ्याचे होते. "हे चालतील का बघ," ते म्हणाले. "परीक्षा होईस्तोवर मी जातो. येसू हितंच ऱ्हाऊ दे."

भागीबाईंना वाटलं मामा थट्टा करतात. मलाही तेच वाटलं. गोवरीवर येसूचा हात तसाच थांबला होता. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला बघून पोरं रडतील तिकडं."

"चार दिवस रडतील," डॉक्टर म्हणाले. "मंग थकतील. त्या पोरांना काय म्हायती मी कोन ते."

उतरताना मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, डॉक्टर, तुम्ही पोरांना टोचलंय, पोरं सांभाळली नाहीत. ते म्हणाले, हजारो पोरं या हातांनी धरलीत. म्हटलं, धरलीत ती घटकाभर, पळू नयेत म्हणून. त्यावर ते म्हणाले, सांभाळणं म्हणजे दुसरं काय असतं. मी वाद सोडून दिला. डॉक्टरांची बायको लग्नानंतर वर्षाच्या आत वारली होती. त्यानंतर त्यांनी घर केलं नाही. भातगिरणीच्या मागच्या एका खोलीत ते राहत. पोरं या विषयातला त्यांचा अधिकार यापुढे जात नव्हता.

गावाला ही बातमी पुष्कळ दिवस पुरली. म्हातारपणी डॉक्टर सुईण झाला, असं कुणी म्हणालं. कुणी विचारलं, पाळणा कसा हलवतात ते ठाऊक आहे का, की तोही टोचून बघणार. कमिटीची तातडीची सभा भरली. हितचिंतक मुंबईत असताना पोलादपुरातल्या विद्यार्थ्यांचं हित चिंतलं जातं की नाही, यावर दीड तास चर्चा झाली. एक सभासद म्हणाले, चिंतायला काय, माणूस कुठूनही चिंतू शकतो. अध्यक्ष म्हणाले, मग पगारही कुठूनही घेऊ दे. अखेर मानधन थांबवण्याचा ठराव एकमताने झाला. डॉक्टरांना तो वाचून दाखवला तेव्हा ते वळकटी बांधत होते. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

मुंबईची गाडी सकाळची होती. मी शाळेत जाताना स्टँडवर डोकावलो. डॉक्टर छत्री आणि वळकटी घेऊन उभे होते आणि त्यांच्या हातात खोलीची किल्ली होती. गाडी लागली तरी ते चढेनात. आधी चहावाल्याकडे गेले, परत आले. मग भातगिरणीच्या दिशेने थोडं चालले आणि तिथूनही परत आले. शेवटी त्यांना मी दिसलो. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "मास्तर, ठेवा. कुणाकडं तरी ठेवायला पायजे ना." तीस-पस्तीस वर्षं घरोघर हिंडलेल्या माणसाला किल्ली ठेवायला सापडलेला सर्वांत जवळचा माणूस मी होतो, ज्याने त्यांची टिंगल करण्यापलीकडे काही केलं नव्हतं. गाडी सुटल्यावर शाळेपर्यंतच्या वाटेत मला एकही कोटी सुचली नाही. हे मला नवीन होतं.

येसू दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली. परीक्षेपर्यंत एक दिवस चुकली नाही. महाडला परीक्षेच्या केंद्रावर आम्ही मुलांना घेऊन गेलो, तेव्हा ती गणिताच्या पेपरातून सर्वांत आधी बाहेर आली आणि सावलीत जाऊन बसली. मी विचारलं, सोपा होता का. ती म्हणाली, "व्हय." मग म्हणाली, "डॉक्टरांची खबर काय हाय?" खबर काही नव्हती. वाडीतला एक माणूस मुंबईहून आला होता. तो एवढंच म्हणाला होता की म्हातारा जिवंत आहे आणि पोरंही जिवंत आहेत.

कोंडवाड्याच्या पडवीत पोरं अजून जमत होती. आठळ्या नव्हत्या, हितचिंतक नव्हता, तरी जमत होती. हेडमास्तरांनी चौकशी केली तेव्हा कळलं की येसू धाकट्यांची गणितं घेते. कमिटीला हे फुकटात होतंय याचा आनंद झाला.

निकाल लागला. येसू पास झाली, नुसती पास नव्हे, केंद्रात वरच्या नंबरात आली. हेडमास्तरांनी स्वतः वाडी चढून भागीबाईंना सांगितलं आणि उतरल्यावर दोन दिवस अंथरुणावर पडून राहिले. आठवीला ती आमच्याकडेच येणार असं ठरलं. त्याच सुमारास मला एका लग्नासाठी मुंबईला जायचं होतं. हेडमास्तर म्हणाले, हितचिंतकांना घेऊनच या, पुढच्या वर्षीची नेमणूक करायची आहे. भागीबाईंनी आमसुलं दिली. येसूने काही दिलं नाही. एवढंच म्हणाली की डॉक्टरांना सांगा, आठवीची पुस्तकं मिळालीत.

लालबागची ती चाळ शोधायला फार वेळ लागला नाही. खाली नळावर पोलादपूरच्या डॉक्टरांचं नाव घेतलं, तर कुणी ओळखेना. उतेकर म्हटलं तरी नाही. मग एक बाई म्हणाली, "जुळ्यांचे आजोबा? दुसरा मजला, गॅलरीत असतील."

गॅलरीत ते होते. टोपी नव्हती. डोकं उघडं, अंगात बंडी. कठड्याच्या दोरीवर दुपटी वाळत होती आणि त्यांच्या सावलीत बसून ते जुळ्यातल्या मुलीला मांडीवर पालथी घालून तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. दुसरं बाळ शेजारी झोळीत होतं. झोळीची दोरी त्यांनी पायाच्या अंगठ्याला बांधली होती आणि पाय आपोआप हलत होता. थोरला पोरगा त्यांच्या पाठीला टेकून, त्यांचा चष्मा चोखत होता. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी शाळेतल्या पोरासारखा गप्प उभा राहिलो.

ढेकर निघाल्यावर मला बोलायची परवानगी मिळाली. मी निकाल सांगितला. त्यांनी मांडीवरच्या मुलीला उचलून तोंडासमोर धरलं आणि तिलाच सांगितलं, "ऐकलंस गो? तुझी ताई पास झाली." मग मला नंबर विचारला, गणितातले मार्क विचारले, आठवीचा वर्ग कुणाकडे आहे ते विचारलं. माझ्याकडे आहे म्हटल्यावर थोडे काळजीत पडले.

मी आत पाणी प्यायला गेलो तेव्हा येसूची चुलती हळू आवाजात बोलली. आता तिची तब्येत सुधारली होती, पोरं अंगी लागली होती, शेजारची एक मुलगी शाळा सुटल्यावर येऊन बसत होती. "खरं सांगायचं तर आता तसं काम नाय," ती म्हणाली. "ह्यांनी दोनदा म्हटलं, डॉक्टर, गावाकडं तुमचं अडत असंल. तर म्हनतात, अजून दात यायचेत. दात काय, येतच ऱ्हातील. पर जा कसं म्हनू? आम्ही उठायच्या आत ते झोळ्या बांधून बसलेले असतात."

खाली निघालो तेव्हा डॉक्टर मला पोचवायला आले. मुलगी खांद्यावर होतीच. जिन्याच्या पायथ्याशी मी हेडमास्तरांचा निरोप सांगितला. नेमणूक पुन्हा होणार आहे, उद्याच्या गाडीने चला. येसूचाही निरोप सांगितला, पुस्तकं मिळालीत. ती तुमची चौकशी करते, हेही सांगितलं.

ते ऐकून त्यांना बरं वाटलं हे दिसलं. पण ते लगेच म्हणाले, "तिचं काय, ती पास झाली. पास झालेल्यांना आपली काय गरज, मास्तर?"

"म्हणजे येत नाही तुम्ही?"

"येईन की. पावसाळा जाऊ दे." मग खांद्यावरच्या मुलीचं डोकं नीट टेकवत, माझ्याकडे न बघता बोलले, "गावात मी आलो काय, न आलो काय. हितं मी नळावर पाणी भरायला उतरलो, तरी ही पोर दाराकडं बघत बसते. मला चाळीतल्या बायकांनी सांगितलं. मला आधी खरं वाटेना."

त्यांची किल्ली माझ्या खिशात होती, ती मी काढून दाखवली. ते म्हणाले, असू दे तुमच्याकडे. मग वरून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि पाठोपाठ कुणा बाईची हाक आली, "आजोबा, धाकटा उठला."

"आलो, आलो," म्हणत ते वळले आणि मला निरोप द्यायचं विसरून, एका हाताने कठडा धरत, जमेल तितक्या घाईने जिना चढू लागले.